नागपूरचे अर्थिंग : खड्ड्यापासून पॅनेलपर्यंत

नागपूर शहर वेगवेगळ्या भूस्तरांच्या शिवेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्सचा उंचवटा दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसाल्टचा. कामठीकडे गेले की गोंडवाना काळातला वालुकाश्म लागतो आणि त्याच्या पोटात कोळसा. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी या परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला. शहरात विजेचा दिवा लागण्याच्या कितीतरी आधीचे ते काम. पुढे विजेची कामे सुरू झाली तेव्हा या खडकांचा आणि त्यांवरच्या काळ्या मातीचा स्वभाव वायरमनला आणि इंजिनिअरला आपापल्या खड्ड्यात अनुभवायला मिळाला. ओल्या काळ्या मातीची रोधकता अवघी काही ओम-मीटर असते. कोरड्या, अखंड बेसाल्टची हजारांच्या घरात जाते. अर्थिंगसाठी पुरलेल्या ज्या पाइपचा रोध पावसाळ्यात एक ओम भरतो, तोच मे महिन्यात कितीतरी पटींनी वाढलेला आढळतो. नागपूर परिसरातल्या अर्थिंगच्या इतिहासात हा ऋतुभेद पदोपदी आडवा येतो.

जमिनीचा पहिला विद्युत उपयोग संरक्षणासाठी झालाच नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब आले. त्या काळच्या तारायंत्रात दोन स्थानकांमध्ये एकच लोखंडी तार ताणलेली असे. प्रवाहाची परतवाट जमिनीतून. जर्मनीत कार्ल स्टाइनहाइल याने १८३८ मध्ये दाखवून दिलेली ही युक्ती जगभरच्या तारखात्यांनी उचलली, कारण तिच्यामुळे निम्मी तार वाचत होती. प्रत्येक तारघरात जमिनीत पुरलेली धातूची प्लेट असे. ती शक्य तितक्या ओलसर जागी ठेवावी, जवळ पाण्याचा लोखंडी नळ असल्यास त्याला जोडावी, असा तारखात्याचा रिवाज होता. प्लेटभोवतीची माती सुकली की संदेश क्षीण होई. जमिनीचा रोध मोजला पाहिजे, नुसता गृहीत धरून चालत नाही, ही जाणीव तारखात्यातूनच विजेच्या धंद्यात आली.

संरक्षणासाठी अर्थिंगची गरज गिरण्यांनी निर्माण केली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. ती वाफेवर चाले. विजेच्या मोटारी पुढच्या शतकातल्या. सुरुवातीचे विद्युत फलक स्लेटच्या किंवा संगमरवराच्या लादीवर बसवलेले असत आणि त्यांवरचे तांब्याचे खटके उघडे असत. लादी विद्युतरोधक, त्यामुळे फलकाला अर्थ देण्याचा प्रश्नच नव्हता. सावध राहणे ही माणसाची जबाबदारी. कापसाचा तूस हवेत तरंगत असलेल्या गिरणीत मात्र खटक्याची एक ठिणगी आग लावायला पुरेशी होती. म्हणून खटके, फ्यूज, पट्ट्या हे सगळे लोखंडी पेटीत बंद झाले. आजच्या कंट्रोल पॅनेलचा पूर्वज ही पेटी. आगीचा धोका तिने कमी केला, पण एक नवा धोका आणला : आतली तार सुटून पेटीला टेकली तर अख्खी पेटी जिवंत होते आणि तिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. पेटीला जाड पट्टीने जमिनीशी जोडले तर प्रवाह त्या वाटेने जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो.

हा व्यवहार १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी पक्का केला. नियम ६१ प्रमाणे मोटारीच्या, जनित्राच्या आणि नियंत्रणाच्या साधनांच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ देणे मालकावर बंधनकारक झाले. एक तुटली तरी दुसरी शाबूत राहावी, हा त्यामागचा विचार. पॅनेलच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या दोन जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्ट्या आजही दिसतात त्या याच नियमामुळे. अर्थिंगची चाचणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी घ्यावी, असेही त्याच नियमात होते. विदर्भाच्या दृष्टीने नियमातला सर्वांत मोलाचा शब्द हाच, कारण येथे अर्थ पिटची, म्हणजे अर्थच्या खड्ड्याची, खरी परीक्षा वैशाखात होते. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिले नाही. १९६० नंतर या भागाची वीज महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे गेली.

अर्थ पिट खणण्याची रीत भारतीय मानक आय.एस. ३०४३ ने १९६६ मध्ये लिहून काढली, तरी कारागिरांच्या हाती ती आधीपासून होती. किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाइप, त्याला खाली भोके. भोवती कोळसा आणि मीठ यांचे आलटून पालटून थर. वर पाणी ओतायला नरसाळे, त्यावर विटांचा चौकोन आणि ओतीव झाकण. मीठ मातीची वाहकता वाढवते, कोळसा ओल धरून ठेवतो. नागपूरच्या पश्चिमेला दोन-तीन फुटांवर मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो, तेथे अडीच मीटर खोल जाणेच कठीण. मग प्लेट घालावी लागते किंवा पट्टी आडवी पसरून पुरावी लागते. काळ्या मातीत खणणे सोपे, पण ती उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. भेग पाइपला लागून गेली तर पाइप आणि माती यांच्यामध्ये हवेची फट उरते. अशा वेळी जमीन चांगली, पाइप चांगला, आणि तरीही दोघांची गाठ नाही, असा प्रकार होतो. मिठाचेही दुखणे आहेच : दोन-चार पावसाळ्यांत ते विरघळून निघून जाते आणि जाताना पाइप गंजवून जाते. नरसाळ्यातून रोज पाणी घालणे हा उपाय खरा, पण चाचणीच्या आदल्या दिवशीच खड्डा भिजवण्याची सवय नियमाचा हेतू बुडवते. वीज चाचणीच्या दिवसाची वाट पाहत नाही.

गिरण्यांपासून इथपर्यंतचे सगळे अर्थिंग माणसाच्या जिवासाठी होते. शील्ड, म्हणजे तारेभोवतीचे धातूचे आवरण, या परिसरात प्रथम गंभीरपणे वापरले गेले तेही जिवासाठीच, आणि ते खाणीत. कामठी आणि उमरेडच्या कोळसापट्ट्यांतील खाणी १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपुरात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहेत. भूमिगत खाणीत यंत्राच्या मागे फरपटत जाणारी केबल छतातून पडलेल्या दगडाखाली चेपते, चाकाखाली येते. तिच्या प्रत्येक गाभ्याभोवती धातूची विणलेली जाळी असते आणि ती अर्थशी जोडलेली असते. केबलमध्ये काहीही घुसले तरी जिवंत तांब्याची गाठ आधी त्या जाळीशी पडते. अर्थ-गळती ओळखणारा रिले त्याच क्षणी पुरवठा तोडतो. मिथेन असलेल्या हवेत ठिणगीला वेळच मिळू नये, म्हणून न्यूट्रल मुद्दाम रोधातून अर्थ करून दोषप्रवाह कमी ठेवतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी भूमिगत खाणीतल्या ११०० व्होल्टपर्यंतच्या संचांसाठी ही मर्यादा ७५० मिलिअँपिअर ठरवली. शील्ड आणि अर्थ मिळून एकच यंत्रणा आहे, हे खाणीतल्या विजेच्या लोकांनी फार लवकर मान्य केले. जमिनीवरच्या कारखान्यांना ते समजायला बराच काळ लागला.

जमिनीवर शील्डचा प्रश्न आणला तो औष्णिक वीजकेंद्रांनी. कोराडीचा पहिला १२० मेगावॅटचा संच १९७४ मध्ये सुरू झाला. पुढच्या दहा वर्षांत तेथे सात संच उभे राहिले, आणि १९८९ पासून खापरखेड्याला २१० मेगावॅटचे संच आले. त्याआधीच्या पिढीतल्या केंद्रांत बाष्पकाचा दाब, पाण्याची पातळी वगैरे वाचने तांब्याच्या बारीक नळ्यांतून, हवेच्या ३ ते १५ पौंड दाबाच्या संकेताने नियंत्रणकक्षात येत. हवेच्या संकेताला शेजारच्या मोटारीचा उपद्रव होत नाही. विजेचे संकेत आले आणि उपद्रव सुरू झाला.

त्याचे प्रमाण एका आकड्यावरून कळेल. तापमान मोजणाऱ्या के-प्रकारच्या थर्मोकपलमध्ये एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. म्हणजे तारेत बाहेरून एक मिलिव्होल्ट जरी शिरला तरी नियंत्रणकक्षातला आकडा जवळजवळ २५ अंशांनी चुकतो. त्याच ट्रेंचमधून ६.६ किलोव्होल्टच्या मोटारीची केबल जात असेल तर एक मिलिव्होल्ट शिरणे मुळीच अवघड नाही. तो दोन वाटांनी शिरतो. एक विद्युतक्षेत्राची वाट : दोन तारांमधल्या धारितेमधून. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्यात बसून दाखवले होते की बाहेरचे विद्युतक्षेत्र आत येत नाही. शील्ड हा तोच पिंजरा, तारेभोवती गुंडाळलेला. दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची. ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलला पन्नास हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र जुमानत नाही. त्यावर उपाय अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनसाठी शोधला होता : दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, म्हणजे एका वेढ्यात शिरलेला उपद्रव पुढच्या वेढ्यात उलटा पडून खोडला जातो. कंट्रोल केबलच्या एका जोडीत पीळ, फॉइल आणि फॉइलला चिकटून धावणारी उघडी ड्रेन वायर, या तिन्ही गोष्टी असतात त्या यासाठी.

शील्ड अर्थला कोठे जोडायचे, या प्रश्नाने पुढची तीस वर्षे वाद जागता ठेवला. बाष्पकाजवळची जमीन आणि नियंत्रणकक्षाची जमीन यांत नेहमीच काही विभवांतर असते. शील्ड दोन्ही टोकांना जोडले तर त्यातून प्रवाह वाहू लागतो आणि उपद्रव टाळायला घातलेले आवरणच उपद्रव करते. म्हणून मापनयंत्रणेच्या लोकांनी नियम केला : शील्ड एकाच टोकाला, नियंत्रणकक्षाच्या पॅनेलमध्ये, अर्थ करायचे, यंत्राकडच्या टोकाला ते कापून टेपने बंद करायचे. ४ ते २० मिलिअँपिअरचे संकेत संथ असतात, त्यांच्यापुरता हा नियम बरोबर होता आणि आजही आहे.

त्याच सुमारास रेल्वेने नेमका उलट नियम राबवला. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती विजेची पद्धत स्वीकारली होती. नागपूरला एकमेकींना छेदणाऱ्या मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांचे विद्युतीकरण या भागात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत झाले. इंजिनाचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परततो, पण त्याचा काही भाग रूळ सोडून जमिनीत पसरतो. वरच्या तारेतल्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र रुळांना समांतर धावणाऱ्या टेलिफोनच्या तारांत धोकादायक व्होल्टेज उभे करते. म्हणून कडेच्या खांबांवरच्या तारा उतरवून त्या जागी ॲल्युमिनियमच्या जाड आवरणाची केबल जमिनीखाली घालावी लागली. येथे आवरणाचे काम पिंजऱ्याचे नाही. वरच्या तारेतला प्रवाह आवरणात उलटा प्रवाह निर्माण करतो आणि तो आतल्या तारांवरचा परिणाम कमी करतो. आवरणात प्रवाह वाहिलाच पाहिजे, आणि त्यासाठी ते दोन्ही टोकांना, कमी रोधाच्या अर्थला जोडलेले हवे. एका टोकाला सोडले तर ॲल्युमिनियमचा तो सगळा खर्च वाया.

कोराडीच्या पॅनेलमध्ये एक टोक आणि काही कोसांवरच्या रुळांकडेला दोन्ही टोके, हे दोन्ही आपापल्या जागी योग्य होते. पण दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या पुस्तकांवर वाढलेले. दोन्ही नियमांमागचे कारण वारंवारतेत आणि क्षेत्राच्या प्रकारात आहे, हे कारखान्यांपर्यंत पोहोचलेच नाही. पोहोचली ती फक्त ‘एकच टोक’ ही सूचना.

तिचा त्रास हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत जाणवू लागला. पहिला पीएलसी (प्रोग्राम बदलता येणारा नियंत्रक), मोडिकॉन ०८४, अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास मोटारउद्योगासाठी तयार झाला. भारतातल्या मध्यम कारखान्यांत पीएलसी सर्रास आले ते १९९० च्या दशकात, आणि त्यांच्यासोबतच मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह आले. रिलेच्या पॅनेलला उपद्रवाचे काही वाटत नसे. चोवीस किंवा एकशे दहा व्होल्टची कॉइल एखाद्या मिलिव्होल्टने ओढली जात नाही. पीएलसी आणि ड्राइव्ह मात्र एकाच पॅनेलमध्ये आले की एक गोंगाट करतो आणि दुसऱ्याला तो सहन होत नाही. ड्राइव्हमधले आयजीबीटी हे अर्धवाहक खटके सेकंदाला हजारो वेळा, मायक्रोसेकंदाच्या अंशात व्होल्टेज चालू-बंद करतात. त्या तीव्र उड्यांतून मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला प्रवाह मोटारीच्या केबलच्या धारितेतून आर्मरमध्ये, म्हणजे केबलच्या धातूच्या कवचात, आणि अर्थमध्ये उतरतो.

यावर कारखान्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘वेगळा पिट’. पीएलसीसाठी इलेक्ट्रॉनिक अर्थ म्हणून स्वतंत्र खड्डा खणायचा, तो विजेच्या अर्थला कोठेही टेकू द्यायचा नाही. कल्पना भुरळ घालणारी आहे : घाण प्रवाह एका खड्ड्यात, स्वच्छ दुसऱ्यात. प्रत्यक्षात ती धोकादायक आहे. समजा, वेगळ्या पिटचा रोध मे महिन्यात पाच ओम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा एक ओम. पीएलसीच्या पॅनेलला फक्त त्या वेगळ्या पिटचाच आधार असेल आणि २३० व्होल्टची तार सांगाड्याला टेकली, तर सहा ओममधून जेमतेम ३८ अँपिअर वाहतील. त्रेसष्ट अँपिअरचा फ्यूज उडणारच नाही आणि पॅनेलचा सांगाडा सुमारे १९० व्होल्टवर तसाच उभा राहील. गिरणीतल्या लोखंडी पेटीचा जो धोका १९५६ च्या नियमांनी संपवला होता, तो अशा पॅनेलमध्ये पुन्हा आणला गेला. मृगाच्या तोंडावर विदर्भात विजा कोसळतात तेव्हाचा हिशेब तर याहून वाईट. वीस हजार अँपिअरची वीज एक ओमच्या एका पिटमध्ये उतरली तर त्या पिटचे विभव वीस हजार व्होल्टने चढते. दुसरा पिट जागच्या जागी राहतो. दोघांमधला सगळा फरक पीएलसीच्या कार्डावर येतो.

जमिनीतून प्रवाह वाहून नेण्याची जुनी कल्पना याच दशकात अगदी वेगळ्या प्रमाणावर परत आली. चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॅट क्षमतेची, सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. तिचा एक ध्रुव बंद पडला तर दुसऱ्याचा प्रवाह जमिनीतून परत येऊ शकतो. अशा वाहिन्यांची जमिनीतली इलेक्ट्रोड केंद्रे रूपांतरण स्थानकापासून मुद्दाम कित्येक किलोमीटर दूर ठेवतात, नाहीतर तो प्रवाह स्थानकाच्या अर्थिंगमध्ये शिरून लोखंड गंजवतो. दोन अर्थ वेगळे ठेवायचे तर असे आणि एवढ्या अंतरावर ठेवावे लागतात. पंधरा फुटांवरचा दुसरा खड्डा वेगळा असतो तो फक्त कागदावर.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९७ मध्ये अर्थिंग आणि केबलिंगवर काढलेल्या मार्गदर्शिकेने ‘एक टोक’ आणि ‘दोन्ही टोके’ या दोन्ही घराण्यांना एका सूत्रात आणले. सगळे पिट, इमारतीचे लोखंड, केबल ट्रे आणि पॅनेलचे सांगाडे एकमेकांना जोडून एकच जाळे करायचे. मग उच्च वारंवारतेसाठी शील्ड दोन्ही टोकांना बेलाशक जोडता येते, कारण टोकांमध्ये फारसा विभवफरक उरतच नाही. लांब अंतर असेल तर केबलसोबत जाड अर्थ तार घालायची, म्हणजे मोठा प्रवाह शील्डऐवजी तिच्यातून जातो. संथ ॲनालॉग संकेतांसाठी एका टोकाचा नियम कायम राहिला.

या सूत्राचा कस पॅनेलच्या आत, एखाद्या इंचात लागतो. शील्डची जाळी पिळून तिची वीस सेंटिमीटरची शेपटी करायची आणि ती अर्थ पट्टीवर लगने कसायची, ही जुनी सवय. दिसायला काम नेटके दिसते. पण अशा शेपटीचे प्रवर्तकत्व सुमारे ०.२ मायक्रोहेन्री असते; पन्नास हर्ट्झला ते शून्यवत, दहा मेगाहर्ट्झला मात्र त्याचा अडथळा बारा ओमच्या वर जातो, आणि शील्ड तेथे जवळजवळ तुटल्यासारखेच. त्याऐवजी केबलचे बाहेरचे आवरण सोलून जाळी उघडी करायची आणि धातूच्या पट्ट्याने तिला चहूबाजूंनी आवळून सरळ माउंटिंग प्लेटवर बसवायचे. प्लेटही रंगवलेली नको, जस्ताचा मुलामा दिलेली हवी. पावडर कोटिंगचा रंग उत्तम विद्युतरोधक आहे. ग्लँड प्लेटच्या कडेचा रंग न खरवडता ग्लँड कसले, तर आर्मर अर्थला जोडले आहे असा केवळ समज होतो. दरवाज्यालाही बिजागरीच्या भरवशावर सोडत नाहीत, विणलेल्या तांब्याच्या रुंद पट्टीने सांगाड्याशी जोडतात. ड्राइव्हची केबल आणि संकेताची केबल वेगळ्या डक्टमधून नेतात. एकमेकींना ओलांडायचेच झाले तर काटकोनात.

आय.एस. ३०४३ ची १९८७ आणि २०१८ मध्ये पुनर्रचना झाली. मीठ-कोळशाच्या जागी बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या सळ्या आल्या. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांचा रोध कमी चढतो आणि पाइप मिठाने खाल्ला जात नाही. कोराडीचे १२० मेगावॅटचे जुने संच बंद झाले, ६६० मेगावॅटचे तीन संच २०१५ ते २०१७ दरम्यान आले. त्या पिढीच्या केंद्रांत बरीच वाचने प्रकाशतंतूतून जातात, आणि काचेच्या तंतूला शील्डही लागत नाही आणि अर्थही. तरी संवेदकापासून पहिल्या पेटीपर्यंतची शेवटची वाट अजून तांब्याचीच आहे. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या नागपूर मेट्रोत २५ किलोव्होल्टची तार आणि सिग्नलच्या केबल एकाच पुलावरून जातात. अशा पुलांच्या काँक्रीटमधले सळ्यांचे सांगाडे ओतकामाच्या वेळीच एकमेकांना जोडून घेतात आणि ठरावीक अंतरावर जमिनीत उतरवलेल्या अर्थशी बांधतात, कारण काँक्रीट एकदा घट्ट झाले की ही जोडणी पुन्हा करता येत नाही.